एक आडवी रेघ

चौथ्या माळेच्या संध्याकाळी आईनं तिच्या खोलीतून हाक मारली, “अरे, टीव्ही मिटला बघ.”

टीव्ही मिटतो कसा, असं म्हणत मी गेलो, तर खरंच मिटला होता. काळ्याभोर काचेच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लख्ख पांढरी आडवी रेघ. झोपेनं पापण्या जड झाल्यावर डोळ्याची फट राहते, तेवढी. आवाज मात्र ठणठणीत. त्या रेघेच्या आत कुठंतरी एक सून रडत होती आणि सासू तिला काहीबाही ऐकवत होती. आई वेताच्या खुर्चीत बसून, मांडीवर कापूस घेऊन, वाती वळत होती. नजर रेघेवर.

“बंद करू का?”

“कशाला? ऐकू येतंय की.”

पुढचे तीन दिवस तिनं टीव्ही असाच ऐकला. तशी ती मालवा हाउसच्या, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या, पिढीची. ते केंद्र १९५५ चं, म्हणजे तिच्या शाळेच्या दिवसांतलं. त्यामुळे पेटीतून नुसता आवाज येतो आणि माणसं आपली आपण डोळ्यांपुढं आणायची असतात, याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते आम्हालाच. तासाभरात घरच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या रेघेचा फोटो गेला आणि पुण्याहून दादाचा फोन आला.

“आता तरी नवा घे बाबा. आणि जीएसटी उतरलाय माहितीये ना? पैसे मी पाठवतो.”

जीएसटीचं त्याचं खरं होतं. बत्तीस इंचांवरच्या टीव्हींवर २८ टक्के लागायचा, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातींत देवीच्या शेजारी टीव्ही उभे होते. हिशेब केला तर शंभरामागं आठेक रुपये वाचत होते. देवासच्या ताईनं लिहिलं, “आईला विचारा.” बंगलोरहून लेकीनं एका स्मार्ट टीव्हीची लिंक टाकली आणि खाली तीन हृदयं. बायको म्हणाली, “तो धूड निघाला तर त्या खोलीत माझं शिलाई मशीन तरी बसेल.” मी म्हणालो, आधी दाखवून तर बघू. ताईनं लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं. आईला कुणी विचारलं नाही.

दाखवण्याची मला खात्री होती, कारण ह्या टीव्हीच्या बाबतीत माझा अनुभव चांगला होता. गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत त्याची एलओटी, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, एकदा बदलली, पुढचा दाबायचा स्विच एकदा बदलला, स्पीकर एकदा, आणि रिमोट तर इतक्यांदा, की आताच्या रिमोटवर भलत्याच कंपनीचं नाव आहे आणि त्याला प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबरबँड लावलेलं आहे. दर खेपेला मी मिस्त्रीला घेऊन आलो, दर खेपेला तो सुरू झाला. आमच्या घरात मला फारसं काही दुरुस्त करता येत नाही. नळाचा वायसर बदलतानाही शेजाऱ्याला बोलवावं लागतं. टीव्ही ही एकच गोष्ट होती जी “ह्यानं करून आणली” असं लोक म्हणायचे.

टीव्ही घेतला १९९९ च्या धनत्रयोदशीला. एकवीस इंची, रंगीत. त्याआधी आमच्याकडे शटरची दारं असलेला ब्लॅक अँड व्हाइट होता. अँटेना फिरवणं, गच्चीवरून “आलं का?” आणि खालून “गेलं!” हे सगळं आता इतक्यांनी लिहून झालंय, की ते मी सोडून देतो. पण एक गोष्ट इंदूरच्या मराठी घरांचीच आहे. दूरदर्शन आमच्याकडे आलं ते हिंदीतून. मुंबई दूरदर्शन १९७२ सालीच सुरू झालं होतं, पण त्याच्या लहरी काही सातपुडा आणि नर्मदा ओलांडून येत नव्हत्या. पुण्याची मावशी मे महिन्यात यायची आणि मुंबईच्या मराठी कार्यक्रमांबद्दल असं बोलायची, जणू आम्हीही काल रात्री तेच बघितलंय. आम्ही माना डोलवायचो. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले सिनेमे लागायचे, त्यात क्वचित एखादा मराठी निघाला तर रामबागेतल्या आमच्या वाड्यात जेवणं अकराला उरकायची.

मग १९९९ च्या ऑगस्टमध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ सुरू झालं. तेच २००५ मध्ये झी मराठी झालं. चोवीस तास मराठी! आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी केबलवाल्याला गाठून सांगितलं, भिया, ये चैनल लगाओ. तो म्हणाला, लगा तो दूँ, पर आपके टीवी में दिखेगा? आणि ते खरं होतं. केबलवर चॅनल वाढत गेले तसे पुढचे चॅनल वरच्या पट्ट्यात सरकले आणि ते पकडायला हायपरबँड ट्यूनर लागायचा. आमच्या जुन्या सेटला बारा चॅनलांची खटखट वाजणारी गोल मूठ होती. त्याच्या दृष्टीनं मराठी अस्तित्वातच नव्हतं.

बाबांनी तो चालता टीव्ही एका दुपारी मोडीत काढला. चालता! काही बिघडलेलं नव्हतं. महाराणी रोडवर आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं वीस इंची आणि एकवीस इंची असे दोन सेट शेजारी शेजारी लावून दाखवले. बाबांनी आईकडं वळून विचारलं, “कुठला?” तिनं दोन मिनिटं काही न बोलता दोन्हीकडं पाहिलं आणि म्हणाली, “मोठा. शेवटी नावं येतात ती वाचता आली पाहिजेत.”

हे तिचं खास वेड. मालिका संपली की लोक उठतात, ही सरसावून बसायची. वेशभूषा, रंगभूषा, ध्वनिमुद्रण, संकलन साहाय्य, सगळी नावं मोठ्यानं वाचायची. एखादं आडनाव होळकरशाहीतल्या घराण्यांपैकी निघालं की, “हे मूळचे आपल्याकडचे असणार,” असा निकाल. इथल्या ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलं तरी ती आधी पडदा न बघता माहितीपत्रक वाचते. महाराष्ट्रापासून लांब राहिलेल्या माणसांना नावांची अशी भूक असते की काय कोण जाणे; मला स्वतःला कधी लागली नाही.

तर दुरुस्ती. माझा मिस्त्री महाराणी रोडच्या मागच्या एका बोळात बसतो. वय साठीच्या पुढं. एके काळी त्याच्याकडे चार पोरं कामाला होती, आता एक आहे आणि तोही दिवसभर एलईडीच्या पट्ट्या बदलतो. वीसेक किलोचं ते धूड रिक्षात घालून नेणं माझ्या कमरेला झेपणारं नाही, म्हणून तोच स्कूटरवरून आला. खोलीत शिरला, रेघ पाहिली आणि हात पुसायच्या आधीच रिमोट उचलून ब्राइटनेस खाली आणला.

“कब से चल रिया ऐसे?”

“तीन दिन.”

“तीन दिन! भिया, ट्यूब पे दाग पड़ जाएगा.” मग आईकडं वळून, एकदम मऊ आवाजात, “माताजी, ऐसा हो तो तुरंत बंद कर दिया करो.”

आई म्हणाली, “हौ.”

त्यानं मागचे स्क्रू काढता काढता मला जे सांगितलं ते मला पुरतं पहिल्यांदाच कळलं. ट्यूबच्या मानेतून इलेक्ट्रॉनचे तीन झोत निघतात, लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी एकेक, आणि काचेच्या आतल्या लेपावर आदळतात, तिथं उजेड पडतो. तिन्ही झोत बरोबरच फिरतात. त्यांना एक वेटोळं डावीकडून उजवीकडं ओढतं आणि दुसरं वरून खाली. या दोन वेटोळ्यांच्या ओढाताणीत ते ६२५ ओळींचं पान पुरं करतात, सेकंदाला पंचवीस पानं. आमच्याकडे वरून खाली ओढणारं बंद पडलं होतं. म्हणजे चित्र कुठं गेलेलं नव्हतं. सगळ्या ओळी एकावर एक, एकाच जागी पडत होत्या. अख्खी मालिका, सून, सासू, दिवाणखाना, देवघर, सगळं त्या एका रेघेत दाबून भरलेलं. म्हणूनच ती एवढी लख्ख होती, आणि म्हणूनच तेवढ्या जागेवरचा लेप जळत होता.

पाठ उघडली. आत धुळीची गोधडी. मुंग्यांनी कधीतरी वसवलेलं आणि सोडून दिलेलं एक गाव, पालीच्या अंड्यांची दोन पांढरी टरफलं. मी वाकून बघायला लागलो तसं त्यानं कोपरानं मला मागं ढकललं. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूबच्या पोटात वीस-पंचवीस हजार व्होल्टचा साठा टिकून राहू शकतो, एखादा दिवससुद्धा. त्यानं लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून ती चासीला जोडली आणि टोक ट्यूबवरच्या त्या रबरी टोपीखाली सरकवलं. टक्. खोबऱ्याच्या वडीचा तुकडा मोडावा एवढाच आवाज. “निकल गया,” तो म्हणाला. हे वाचून कुणाला घरचा जुना सेट उघडायचा मोह होत असेल तर कृपा करून करू नका.

नंतर ब्रश. मऊ, रंगाऱ्याचा असतो तसा. धूळ झाडून बोर्ड बाहेर ओढला, उलटा केला, आणि खिशातून भिंग काढून एका जागी बराच वेळ थांबला. मग मला बोलावलं. व्हर्टिकलच्या, म्हणजे वरून खाली ओढण्याचं काम बघणाऱ्या, आयसीचे पाय बोर्डाला जिथं डागलेले होते त्यांतल्या दोन पायांभोवती केसाएवढी गोल भेग होती. नखाच्या मुळाशी अर्धचंद्र दिसतो तशी. ड्राय सोल्डर. आयसी तापतो, गार होतो, तापतो, गार होतो. पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी हेच. डाग शेवटी सुटतो. भाग चांगला, बोर्ड चांगला, फक्त दोघांचं एकमेकांना लागणं बंद झालेलं. त्यानं सोल्डरिंगची कांडी तापवली, खोलीत राळेचा तो गोडसर धुराचा वास पसरला, आणि चार पाय नव्यानं डागले. शेजारचा एक कंडेंसर माथ्यावर फुगलेला होता, १००० मायक्रोफॅरडचा, तोही बदलला. वीस मिनिटं. साडेतीनशे रुपये.

टीव्ही लावला. आधी काळोख, मग खरखर, मग रेघ ताणली जाऊन एकदम पुरा पडदा उघडला. मी टाळी वाजवायची तेवढी राहिली.

मिस्त्री मात्र खूश दिसला नाही. तो दोन पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघत होता. “ट्यूब थक गई है, भिया.” मागच्या खेपेला, नऊ-दहा वर्षांपूर्वी, त्यानं एलओटीवर वायरचे दोन वेढे जास्तीचे मारून ट्यूबच्या फिलामेंटला थोडा जास्त दाब दिला होता. म्हाताऱ्याला सलाइन लावतात तसं ते. आता तेही पुरेना झालंय, म्हणाला. रंग फिके, अक्षरांच्या कडा फुटलेल्या. “माताजी को नया दिला दो. मेरा क्या है, मैं तो आता रहूँगा.”

मी म्हणालो, आईला ह्याचीच सवय आहे. नव्याचा रिमोट तिला जमायचा नाही.

त्यानं आईला विचारलं, “माताजी, साफ दिख रिया?”

“हौ, एकदम साफ,” आई म्हणाली. “चाय लोगे?”

माझ्या हट्टामागं आणखी एक कारण होतं, ते सांगायला हवं. आमच्या बाहेरच्या खोलीत २०१८ साली एक चाळीस इंची एलईडी आला. चार वर्षांत एका संध्याकाळी तोही मिटला, पण वेगळ्या तऱ्हेनं. आवाज आहे, पडदा काळा. लेकीनं मोबाइलची बॅटरी लावून काचेवर तिरका उजेड टाकला, तर आत चित्र हलत होतं! बुडालेल्या गावासारखं, पुसट, पण सगळं जागच्या जागी. म्हणजे चित्र होतं, मागचा दिवा गेला होता. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यानं पाहिलं आणि सांगितलं की पॅनेल बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात आणखी थोडे घातले की नवा टीव्ही येत होता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्याच सुमारास, २०२२ च्या जुलैमध्ये, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमल्याची बातमी वाचली होती. डिसेंबरात त्यांचं पोर्टलही निघालं. बातमी मी कापून ठेवली. कुणाला दाखवण्यासाठी, ते आता आठवत नाही.

शेवटी माझ्याच मिस्त्रीच्या त्या पोरानं तो उघडला. जमिनीवर चादर अंथरून, हात दोनदा धुऊन, पापडासारखी काच उचलली आणि खालच्या पट्ट्या दाखवल्या. दिवे माळेत ओवलेले असतात. एक जळला की सगळी माळ बंद. त्यानं साऱ्या पट्ट्या नव्या घातल्या. अठराशे रुपये. टीव्ही चालला सव्वा वर्ष. मग पडद्यावर उभ्या रंगीत रेघा आल्या, पॅनेलच्या कडेची चिकटवलेली फीत सुटली होती, आणि त्यावर त्या पोरानं हात जोडले. “इसका कुछ नहीं होता.” बाहेरच्या खोलीत मग नवा घ्यावाच लागला.

त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं: जुनं म्हणजे दुरुस्त होणारं, नवं म्हणजे फेकायचं. ह्यात खोटं काही नाही. जुन्या सेटचा प्रत्येक पाय डोळ्यांना दिसतो, नवा सेट आत गुपित ठेवतो. पण हे खरं असलं तरी ते टीव्हीबद्दल खरं आहे. समोर कोण बसलंय आणि त्याला काय दिसतंय, ते त्यात कुठंच नाही. लोक एक ढोबळ नियम सांगतात की दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली तर नवा घ्यावा. माझी दुरुस्ती साडेतीनशेची होती. नियमानं मी शंभर टक्के बरोबर होतो.

दादाला फोन करून सांगितलं, साडेतीनशेत झालं. “कमाल आहे तुझी,” तो म्हणाला. मला ते पुरलं. एक मात्र राहिलं. पडद्याच्या मध्यावर, जिथं रेघ होती तिथं, एक पुसट पट्टा उरला होता. गडद प्रसंगात कळायचा नाही, पण बर्फ किंवा आभाळ आलं की केसांत भांग पाडल्यासारखा दिसायचा. आई म्हणाली, असू दे.

भाऊबीजेला ताई देवासहून आली. फराळ झाला, पुरुषमंडळी बाहेर पानं खायला गेली आणि परत आलो तेव्हा बायका बाहेरच्या खोलीत आईची मालिका लावून बसल्या होत्या. एरवी त्या वेळेला तो टीव्ही माझा असतो. बातम्या, नाही तर मॅच. पाहुणे म्हणून त्या दिवशी सवलत. मी चपला काढत होतो आणि मालिका संपली. मागून आवाज आला.

“छायांकन… संकलन… साहाय्यक दिग्दर्शक… वेशभूषा…”

आई पुढं सरकून बसली होती आणि एकेक नाव वाचत होती. ताई हसत होती. मी म्हणालो, “अगं, तू परत वाचायला लागलीस? मला वाटलं सोडलंस.”

“सोडलं कुठं? तिकडं दिसत नाहीत.”

“कधीपासून?”

तिनं थोडा विचार केला. “तो डबा लागला ना, तेव्हापासून.”

डबा म्हणजे सेट-टॉप बॉक्स. इंदुरात केबलला डबा सक्तीचा झाला तो २०१३ च्या मार्चअखेर. मीच लावून दिला होता, पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना मागं खोचून, आणि पुन्हा एकदा टीव्ही वाचवला म्हणून खूश झालो होतो. डब्यातून चित्र यायचं ते रुंद, नव्या टीव्हींच्या मापाचं. आमचा पडदा चौकोनी. ते त्यात मावायचं म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मध्ये आक्रसलेलं चित्र. पडद्याची पाव उंची अशीच गेली. अक्षरं मुंगीएवढी झाली. त्यात ट्यूब थकत गेली. बाबांना दुकानात तिनं जी एकच अट सांगितली होती, ती बारा वर्षांपूर्वीच मोडली होती आणि त्यानंतर मी तो टीव्ही दोनदा दुरुस्त करून आणला होता.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? तू एवढ्या हौसेनं करून आणायचास.” मग ताईकडं वळून, “चकली कडक झालीय का गं ह्या खेपेला?”

ताईनं माझ्याकडं पाहिलं. ग्रुपवर तिनं काय लिहिलं होतं, ते मलाही आठवलं आणि तिलाही. ती बोलली नाही, हे तिचे उपकार.

चार दिवसांनी आईला घेऊन पुन्हा महाराणी रोडवर गेलो. सव्वीस वर्षांपूर्वीचं ते दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं झालंय. दुसरीकडं गेलो. विक्रेता पोरगा मला रिफ्रेश रेट सांगत होता, आई भिंतीवरच्या टीव्हींपुढून हळूहळू चालत गेली आणि एका त्रेचाळीस इंचीपुढं थांबून म्हणाली, “ह्याच्यावर मराठी लावून दाखवा, शेवटपर्यंत.” पोरगा गोंधळला. मी म्हणालो, लगा दो भिया, आखिर तक.

जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न सोपा निघाला नाही. आमचं गाव २०१७ पासून स्वच्छतेत नंबर काढतंय, सकाळची गाडी गाणं वाजवत येते, तिच्यात ओल्या-सुक्यासोबत ई-कचऱ्याचाही कप्पा असतो; पण तो बल्ब, चार्जर, मेलेल्या रिमोटसाठी. धूड बघून गाडीवाल्यानं कानाला हात लावला. भंगारवाला दोनशे द्यायला तयार होता. मिस्त्रीला कळलं तसा तो ओरडला. भंगारवाले ट्यूबची मान मोडतात, तांब्याचं वेटोळं काढून घेतात आणि काच टाकून देतात कुठंही, आणि त्या काचेत शिसं असतं. “मैं ले जाऊँगा.” लोडिंग रिक्षा घेऊन तो स्वतः आला. शहरात त्याच्याकडे असे तीन-चार सेट अजून येतात, एक तर कुठल्याशा देवळात भजनं लावायला ठेवलाय. त्यांना एलओटी लागेल, आयसी लागेल. त्यानं तीनशे रुपये पुढं केले. मी नको म्हणालो. आईनं घेतले आणि त्यातले शंभर त्याच्या पोराला दिवाळी म्हणून दिले.

शोकेसचं काही करता आलं नाही. सनमायकाचं ते कपाट त्या टीव्हीच्या मापानं बनवलेलं, मधोमध दोन फूट खोल चौकोन, मागं वायरींसाठी भोक. नवा टीव्ही त्यात मावत नाही आणि खोली त्याला लागतही नाही. तो शेजारच्या भिंतीवर चिकटलाय. चौकोनात आधी आठवडाभर काहीच नव्हतं, नुसता धुळीचा एक आखीव आयत. आता आईच्या गोळ्यांचा डबा, कापसाचं पुडकं आणि चष्म्याची दोन घरं आहेत. शिलाई मशीन तिथं बसत नाही, हे बायकोनं मोजपट्टी लावून दाखवून दिलं.

रिमोटची मला धास्ती होती ती दोन दिवसांत फिटली. लेकीनं व्हिडिओ कॉलवरून शिकवलं. आई आता माइकचं बटण दाबून मराठीत बोलते, आणि टीव्ही तिचं ऐकतो, माझ्यापेक्षा बरं. कधी कधी तो तिचं इंदुरी मराठी ऐकून भलतीच गाणी लावतो, ती म्हणते, “हा काय करून राहिलाय?” आणि पुन्हा सांगते.

एकाच गोष्टीवरून तिचं त्याच्याशी वाजतं. अ‍ॅपवर मालिका बघितली की भाग संपतो, नावं सुरू होतात, आणि कोपऱ्यात एक चौकोन उगवतो: पुढचा भाग पाच सेकंदांत. पाच, चार, तीन, आणि नावं गायब. पहिल्या रात्री ती जोरात म्हणाली, “अरे, नावं खाल्ली ह्यानं!” लेकीला फोन लावून विचारलं, तेव्हा कुठलं बटण दाबायचं ते कळलं. आता शेवटचा प्रसंग सुरू झाला की आई वाती बाजूला ठेवते, खुर्चीच्या कडेला येते आणि रिमोट दोन्ही हातांत, अंगठा त्या बटणावर ठेवून, सज्ज बसते. मीही आजकाल त्या वेळी तिथंच असतो. चौकोन उगवतो, ती पहिल्याच आकड्यावर त्याला उडवते, आणि मग चष्मा सारखा करून वाचायला लागते. परवा प्रकाशयोजनेच्या खाली एक आडनाव आलं, तसं ती माझ्याकडं वळली.

“हे बघ. हे आपल्याकडचे असणार.”